कुटारातला बाण

बायको पुण्याला गेली तेव्हा म्हणाली होती, सहा महिने. मुलीचं बाळंतपण उरकलं, बाळ जरा मान धरायला लागलं की येतेच. बाळानं मान धरली, ते रांगलं, चाललं, आता शाळेत जाऊन मला फोनवर ‘नो’ म्हणतं, आणि बायको अजून तिथंच आहे. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मुलगी-जावई दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडतात, लेकरू काय भिंतींच्या भरवशावर सोडायचं? मीही गेलो होतो तिकडे राहायला. अकरा दिवस काढले. नवव्या मजल्यावर सकाळी उठून पाहायचं काय, तर समोरच्या बिल्डिंगीतला माणूस दात घासतो ते. बाराव्या दिवशी मोताळ्याची गाडी धरली, आणि तेव्हापासून आमच्या खेड्यातल्या तीन खोल्यांत मी एकटा आहे. एका माणसाचा चहा कधी नीट होत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मी मराठीचा मास्तर. नोकरी सगळी जळगाव जामोदला काढली. तीस वर्षं पोरांच्या वह्यांतलं ‘मले’ खोडून ‘मला’ केलं. आता घरात बोलायला कोणी नाही, तर स्वतःशीच मोठ्यानं बोलतो, आणि तेही सगळं ‘मले-तुले’च. ‘काऊन बे, भाजीत मीठ टाकलं का?’ ‘टाकलं ना लेका.’ असं चालतं आमचं. गावात माणसं नाहीत असं नाही. पण दिवसभर सगळे वावरात, आणि संध्याकाळी पारावर जे बसतात ते मोबाईलमध्ये. ‘नमस्कार गुर्जी’ म्हणतात आणि मान पुन्हा खाली घालतात.

दोन वर्षांपूर्वी हयातीचा दाखला द्यायला बुलढाण्याला गेलो होतो. आपण जिवंत आहोत हे सरकारला सही करून सांगायचं. सही केली, आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून पाय नेतील तिकडे चालत सुटलो. एका मैदानावर पोरंपोरी धनुष्यबाणाचा सराव करत होती. मी कुंपणाला हात टेकवून तासभर उभा राहिलो. कॉलेजात असताना मीही मारायचो. तेव्हा बांबूचं धनुष्य असायचं, आणि दोरीचे फटके बसून बसून डाव्या हातावर कायमचा निळा डाग. मग नोकरी लागली, लग्न झालं, धनुष्य माळ्यावर गेलं आणि वाळवीनं खाल्लं. त्याचं मला फारसं दुःखही झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

तिथली एक मुलगी मला म्हणाली, ‘काका, ओढून पाहता का?’ बराच वेळ उभा राहिलेला पाहून तिला दया आली असावी. तिच्या हातातलं धनुष्य पाहून मला आधी हसूच आलं. दोन्ही टोकांना चाकं, मधे दोऱ्यांचं जाळं, नेम धरायच्या भिंगाखाली मिस्त्रीच्या लेव्हलमध्ये असतो तसा बुडबुडा. हे कंपाउंड, ती म्हणाली. म्हटलं, हे धनुष्य आहे की बांधकामाचं हत्यार? पण ओढलं, आणि बाप्पा! सुरुवातीला खांदा कुरकुरला, आता हे काही आपल्याच्यानं होत नाही असं वाटलं, आणि तेवढ्यात चाकं फिरली आणि सगळा भार एकदम गळून गेला. चाळीस पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलेलं, आणि हातात धरायला जेमतेम दहा. बांबूचं ओढलं की हात थरथरायला लागायचा, सोडायची घाई व्हायची. इथं थांबता येत होतं. श्वास घेता येत होता. दोरीतल्या बारीक भोकातून लांबचा पिवळा गोल दिसत होता आणि बाकी जगात काही नव्हतं. मनगटाच्या पट्ट्यातला, दोरी सोडायचा घोडा दाबला. बाण गेलेला मला दिसलाही नाही, फक्त लांबून ‘टप्प’ असा आवाज आला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांत मी काहीतरी केलं होतं आणि त्याला पलीकडून उत्तर आलं होतं.

त्याच मुलीला नोकरी लागली होती आणि तिला ते धनुष्य विकायचं होतं. पुढच्या आठवड्यात मी ते त्याच्या लांबट पेटीसकट घेऊन घाट उतरलो. एसटीत कंडक्टर म्हणाला, ‘काका, पेटी वाजवता का?’ मी ‘हाव’ म्हटलं. समजावत कोण बसणार? बायकोला फोनवर सांगितलं तर ती खळखळून हसली. ‘रामलीलेत उभे राहून राह्यले का आता? राम तं नाही, दशरथाचंच काम देतीन.’ तिचं हसणं ऐकून बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर घर आणखीच गप्प झालं.

मारायला जागा पाहिजे होती. गावाच्या टोकाला, नाल्याच्या कडेनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं वावर आहे. वय सत्तरच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. गोठ्यामागं त्यांचा एक पडीक तुकडा आहे आणि त्याच्या मागं नाल्याचा उंच काठ, म्हणजे बाण चुकला तरी मातीत जाणार. मी धनुष्य दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी, तान्हं लेकरू घ्यावं तसं घेतलं.

‘काय होय हे गुर्जी? डुक्कर मारता का काय?’

‘नाही हो काकाजी. खेळ आहे.’

‘ह्या वयात?’

‘ह्याच वयात.’

ते हसले आणि म्हणाले, जागा काय, पडलेलीच आहे. निशाणासाठी सोयाबीनचं कुटारही त्यांनीच दिलं. सोयाबीन काढल्यावर मागं जो भुसा राहतो ते कुटार. खताच्या रिकाम्या पोत्यांत मी ते पायानं तुडवून तुडवून भरलं, बारा पोती दोन थरांत रचली, समोर कागदाचा गोल डकवला आणि मागं जुनी गोधडी टांगली.

पहिल्या दिवशी काकाजी गंमत पाहायला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन बसले. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच. ऊन उतरलं की मी यायचो, ते तंबाखू मळत बसायचे, त्यांची सून किटलीतून चहा आणून द्यायची, मी बिस्किटाचा पुडा न्यायचो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तीस मीटरवरचं निशाण त्यांना दिसायचं नाही, मी दिसायचो. म्हणून ते मलाच पाहायचे, आणि थोड्याच दिवसांत माझ्या चुका काढायला लागले. ‘गुर्जी, खांदा उचलून राह्यले तुमी.’ ‘गुर्जी, हात ढिला ठेवा. म्हैस पिळून राह्यले का?’ आणि गंमत अशी की ते म्हणायचे ते बरोबर असायचं! मूठ ढिली सोडली की बाण पिवळ्यात. जन्मभर ज्यानं जनावरांच्या अंगावरून आजार ओळखला, त्याला माझा खांदा ओळखायला काय जड? मी बाण उपटून परत आलो की आम्ही बोलायचो. पाऊस, कापसाची बोंडं, त्यांचा सैन्यात असलेला भाचा, माझी बायको. ‘बलावून घ्या ना तिले,’ ते म्हणायचे. मी म्हणायचो, पाहू. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच तोंड होतं. बाण हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असेल.

त्यांच्या गोठ्यात एक गाय होती. गावरान, तांबूस, शिंगं आत वळलेली. काकाजींची बायको वारल्यावर ते ह्या गाईशीच बोलायचे, हे सुनेनं मला सांगितलं होतं. मी दूध तिचंच नेत होतो.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. हे बाण कार्बनचे असतात. हलके, सरळ, पण त्यांना एक खोड आहे. दगडाला आपटला तर वरून काही दिसत नाही आणि आतून तडकलेला असतो. म्हणून मारण्याआधी प्रत्येक बाण कानाशी धरून जरासा वाकवायचा, करकर आली की फेकून द्यायचा. धनुष्य विकणाऱ्या मुलीनं मला हे तीनदा बजावलं होतं. होळीनंतरची गोष्ट. एक बाण पोत्यांवरून निसटला आणि काठातल्या दगडाला लागला. मी उचलला, धोतराला पुसावा तसा पँटीला पुसला आणि परत भात्यात टाकला. त्या दिवशी पाच बाण पिवळ्यात बसले होते. काकाजी पाहत होते, मी रंगात आलो होतो. वाकवून कोण पाहतो! सहावा तोच मारला.

आवाज वेगळाच आला. जाऊन पाहतो तो मागचा भाग हातात, आणि पुढचा चार बोटांचा तुकडा, पोलादी टोकासकट, पोत्याच्या आत. हात घालून चाचपलं. कुटार टोचलं, कार्बनचं कुसळ बोटात गेलं, दिवस बुडत आला होता. म्हटलं, राहू दे. पोत्यातच आहे, कोणाच्या पायात तर जात नाही. दाभण-सुतळीनं भोक शिवून टाकलं. काकाजींना म्हटलं, बाण मोडला. टोक आत राहिलं हे म्हटलं नाही. कारण माझ्या लेखी ते पोतं म्हणजे निशाण झालं होतं. कुटार हा जनावराच्या तोंडचा घास असतो, हे मी शेतकऱ्याच्या पोटी जन्मून विसरलो. शहरातल्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती, त्यानं फोमचं निशाण विकत आणलं असतं.

वैशाखात चारा संपत आला. एका संध्याकाळी गेलो तर पोत्यांची रचना बदललेली, आणि बाराच्या जागी दहा.

‘गुर्जी, दोन पोते सोडले गाईसाठी,’ काकाजी म्हणाले. ‘गोठ्यातलं सरलं होतं. तुमी नव्हते म्हणून इचारलं नाही. सोयाबीन निंघालं की भरून देतो तुमाले.’

स्वतःचं कुटार, स्वतःच्या गाईला घातलं, आणि माणूस माझ्यापुढं ओशाळून उभा होता. सुतळीनं शिवलेली पोती चार-पाच होती, त्यातलं टोकाचं पोतं गेलं की उरलं, ते मला कळेना. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, ‘त्यात काय काकाजी.’ आणि धनुष्य उचललं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गावात सामसूम असताना, मी उरलेली दहाही पोती रिकामी केली. ओंजळ ओंजळ पाहिलं. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या ढिगातून फिरवलं. टोक मिळालं नाही. पोती पुन्हा भरून, रचून, घरी येऊन बायकोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘मग मले काय फोन करता?’ ती म्हणाली. ‘त्यांले सांगा. आत्ताच्या आत्ता जा.’

‘हाव,’ मी म्हटलं.

गेलो. धुऱ्यावर बसलो. चहा आला. शब्द अगदी दातांपर्यंत आले, आणि मी चहा प्यालो. नसेलच खाल्लं, असं मनाशी म्हटलं. गव्हाणीत खाली पडलं असेल, शेणातून निघून गेलं असेल. पण खरं कारण ते नव्हतं. गाईची काळजी होतीच, पण तिच्याहून मोठी भीती ही होती की हे कळल्यावर हा माणूस उद्या इथं येऊन बसणार नाही. मग मी काय करू? संध्याकाळी कोणाकडे जाऊ? एवढं मोठं वय झालं माझं, आणि मी गाईच्या जिवापेक्षा माझी संध्याकाळ जपत होतो. लाज वाटते लिहिताना, पण तसंच होतं ते.

तिसऱ्या दिवशी गाईनं चारा सोडला. काकाजींनी तिला गूळ आणि ओवा दिला. ‘ऊन लागलं असन,’ ते म्हणाले.

‘लागलं असेल,’ मी म्हटलं. हे मी म्हटलं, माझ्या तोंडानं.

चौथ्या दिवशी ते धुऱ्यावर आले नाहीत. मी गोठ्यात गेलो. गाय पाठीची कमान करून उभी होती, पुढचे पाय फाकवलेले, श्वास सोडताना कण्हत होती. काकाजी तिच्या मानेला हात लावून बसले होते. मला पाहून म्हणाले, ‘बसा गुर्जी. कायले तरी तकलीफ होऊन राह्यली हिले, समजून नाही राह्यलं.’ रोजच्या आवाजात म्हणाले. तो आवाज मला सहन झाला नाही.

‘काकाजी, पोत्यात बाणाचं टोक होतं.’

‘कोणत्या पोत्यात?’

‘तुम्ही सोडलेल्या. लोखंडी टोक. होळीपासून होतं.’

त्यांनी हात गाईच्या मानेवरून काढला नाही. तसंच विचारलं, ‘तुमाले कवा समजलं का हिनं ते खाल्लं असन?’

‘पोती कमी दिसली तेव्हाच.’

ते उठले, सुनेला हाक मारून जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला सांगितलं, आणि परत येऊन तिथंच बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर मोताळ्याहून तासाभरात आले. उभ्या गाईलाच सुन्न करून डावी कूस उघडली. काकाजी तिचं तोंड छातीशी धरून कानात बोलत होते. मी पाण्याच्या बादल्या आणत होतो, दुसरं काय करणार? डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा लगदा निघाला, मग तारेचा तुकडा, आणि मग ते टोक, अर्धं पोटाच्या पुढच्या कप्प्यात रुतलेलं. हात धुताना डॉक्टर सहज म्हणाले, ‘दोन-तीन दिवस आधी कळलं असतं तर गोळीसारखं चुंबक पोटात सोडून भागलं असतं. चिरायची वेळ आली नसती.’

काकाजींनी मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. ‘मास्तर असून अक्कल कुठं ठेवली होती बे’ म्हणून अंगावर आले असते, तर मी तिथंच पाय धरले असते. त्यांनी डॉक्टरांना चहा दिला, मलाही दिला.

गाय वाचली. दूध मात्र आटलं.

मी पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही. सुनेकडून कळायचं, टाके निघाले, चारा खाते, रवंथ करते. संध्याकाळी घरात बसून राहायचो. धनुष्य पेटीतच होतं. बायको फोनवर म्हणायची, जाऊन या, माणूस आहे ते, बोलल्यानं मोकळं होते. शेवटी एक दिवस एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पोती कुटार घेतलं. घरी अंगणात चादरीवर पसरून स्वतःच्या हातानं निवडलं, खडा म्हणून ठेवला नाही, आणि सायकलवर बांधून गोठ्यात घेऊन गेलो.

काकाजी घमेलं धुत होते. गाय उभी होती, कुशीवरचे केस अजून उगवले नव्हते.

‘काकाजी, माझं चुकलं,’ मी म्हटलं. ‘पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.’

‘हाव,’ ते म्हणाले.

‘तिथली पोती मी उचलून नेतो.’

‘काऊन? राहू द्या. जागा तुमचीच समजा. मारत जा. माह्यं काही म्हणणं नाही.’

माझा जीव थोडा हलका झाला. म्हटलं, ‘मग तुम्ही याल ना बसायला?’

‘मले काय समजते गुर्जी त्यातलं,’ ते म्हणाले.

मी आणलेल्यांतलं एक पोतं त्यांनी सोडलं. घमेलं समोर ओढलं आणि जमिनीवर बसले. एक ओंजळ काढली, डोळ्यांजवळ नेली, बोटांनी फिरवून फिरवून पाहिली आणि घमेल्यात टाकली. मग दुसरी.

‘साफ आहे काकाजी,’ मी म्हटलं. ‘मी स्वतः निवडून आणलं.’

‘हाव,’ ते म्हणाले, आणि पुढची ओंजळ घेतली.